ओली गाठ

आमच्या विभागात नायलॉनवर तिघांनी पीएचडी केली आणि तिघांपैकी एकालाही साधी गाठ मारता येत नाही. नमुन्यांच्या पिशवीचं तोंड बांधायचं झालं की मला हाक मारतात. मी ढिवराची, म्हणजे मासेमाराची पोरगी, त्यात प्रकल्प सहायक. पिशव्या बांधायला, ओव्हन पुसायला आणि चहा सांगायलाच माझा जन्म झालाय, असं त्यांना अगदी मनापासून वाटतं. आमचे सर तर बिनलेसचे बूट घालतात. पॉलिमरमधले मोठे तज्ज्ञ आहेत म्हणे.

प्रकल्प असा होता. तलावांवर टाकून दिलेली नायलॉनची जाळी गोळा करायची, धुवायची, कापायची, वितळवून दाणे करायचे. दाण्यांचं पुन्हा सूत, सुताचं पुन्हा जाळं. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. आमच्या गावच्या तलावात पाय घातला की तुटक्या जाळ्यांचे गुंते पायाला लागतात, बगळे त्यात अडकून मरतात. लहानपणापासून पाहिलंय. म्हणूनच तर एम.एस्सी. झाल्यावर मी तिथे अर्ज केला. माणसं मात्र अशी निघतील हे मला काय माहीत. वाईट म्हणावं तर तेवढी धमकही नव्हती त्यांच्यात. पोकळ होती नुसती.

मूल शहराच्या बाजूच्या आमच्या गावाला सर 'फील्ड' म्हणायचे. फील्डला जायचं म्हणजे टोपी, गॉगल, गाडीत एसी. साडेतीन वाजले की घड्याळ बघायला लागायचे, वाघ निघतो म्हणून. त्याच रस्त्यानं माझी आई डोक्यावर सरपण घेऊन येते हे मी एकदा सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला सवय असते ना." वर हसले. गाडीतले सगळेच हसले, मीही हसले. पोटासाठी माणूस काय काय करतो.

सरांचा सगळा जीव कोरडेपणात. नायलॉन पाणी पितं, हवेतलंसुद्धा, आणि पाणी प्यालं की ढिलं पडतं. म्हणून मशीनवर ओढून पाहण्याआधी धागा ओव्हनमध्ये वाळवायचा, काचेच्या झाकणबंद भांड्यात ठेवायचा, आणि बाहेर काढल्याबरोबर सरळ ताणून तोडायचा. असं केलं की आकडा छान येतो. आकडा छान आला की सर टेबलावर बोटांनी ताल धरत. नागपूरहून आलेला एक संशोधक विद्यार्थी होता, त्याची पीएचडी याच धाग्याला टांगलेली. तो लगेच आकड्याचा फोटो काढायचा. कोरडा धागा, सरळ धागा. आता जाळं म्हणजे काय असतं? भोकं आणि गाठी, आणि त्या गाठी जन्मभर पाण्यात. एवढी साधी गोष्ट त्या वातानुकूलित खोलीत कोणाच्या टाळक्यात आली नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आली नाही. मीही तेव्हा त्यांच्यातलीच व्हायला निघाले होते.

एका रविवारी मी त्या सुताची गुंडी घरी नेली, बाबांना दाखवायला. मोठ्या तोऱ्यात नेली. बाबा अंगणात जाळं शिवत बसले होते. त्यांनी धागा तोंडात घातला, दाताखाली फिरवून चांगला भिजवला, एक गाठ मारली आणि दोन्ही हातांनी झटका दिला. गाठीपाशी तुटला. दुसरा तुकडा घेतला. तोही तुटला.

"भिजवून पाह्यलं का तुह्या सायबानं?"

"नाई."

"काऊन?"

"त्यांच्या पुस्तकात कोरडं पाह्यतात, बाबा."

"मंग थे मासे काय वावरात धरून राह्यले?"

आई आतून हसली. मी नाही हसले. सोमवारी सर मीटिंगला गेल्यावर मी रात्रभर भिजवून ठेवलेले धागे घेतले, एकेकाला बाबांसारखी गाठ मारली आणि मशीनवर लावले. कोरड्या सरळ धाग्याच्या निम्म्यावरही गाठ टिकेना. दुकानातल्या नव्या धाग्याचीही ताकद ओल्या गाठीत उतरते, तोही लावून पाहिला. पण त्याची उतरते, आमच्याची कोसळत होती.

कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो पाहिलाही नाही धड. "हे कोणी करायला सांगितलं?" मी म्हटलं, कोणी नाही, जाळं पाण्यात असतं म्हणून केलं. "आपल्या प्रस्तावात ही चाचणी नाही," सर म्हणाले. नागपूरवाला बाजूला तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. त्यालाही कळलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं. मग सर जरा मऊ झाले, मला बेटा म्हणाले, आणि 'ओल्या गाठीची चाचणी करावी' एवढं एक वाक्य अहवालात 'पुढील संशोधनाची दिशा' या मथळ्याखाली शेवटी टाकायला सांगितलं. विद्यापीठात जे खरं असतं ते पुरायची जागा ती. माझी सहा महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर त्याच महिन्यात संपत होती. मी खोलीबाहेर जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि सांगितलं तसं टाईप केलं.

मग सरांनी कार्यक्रम काढला, 'जुनं द्या, नवं घ्या'. मासेमारांनी जुनी जाळी द्यायची आणि आमच्या सुताची नवी न्यायची. प्रकल्पाला पैसे देणारी समिती येणार होती, फोटो हवे होते. प्लास्टिक वाचवायच्या या कार्यक्रमासाठी चंद्रपुरातून भला मोठा प्लास्टिकचा फ्लेक्स छापून आणला. पण घोटाळा त्या 'जुनं' शब्दातच होता. सरांच्या तोंडी जुनं म्हणजे कचरा. आमच्या घरी जुनं जाळं म्हणजे पाणी खाऊन मऊ पडलेलं, ठिकठिकाणी शिवलेलं, हाताला ओळखीचं झालेलं. नवं जाळं विकत आणलं तरी पहिल्या वर्षी बाबा त्यावर भरवसा ठेवत नाहीत.

आणि भरवशाशिवाय आमचं चालत नाही. होळीच्या आधी तलाव उतरला की मासेमार सोसायटीचे सगळे मिळून मासे काढतात. प्रत्येक घर आपल्या जाळ्याची पट्टी आणतं, पट्ट्या जोडून एक लांब जाळं होतं आणि ते तलावभर ओढतात. त्या दोन दिवसांच्या मासोळीवर गावातल्या कितीतरी चुली वर्षाचा मोठा भाग काढतात. मधल्या पट्टीवर सगळ्यात जास्त ओढ येते. ती पट्टी आमच्या घराची, आजोबांपासून. बाबांना याचा अभिमान होता, ते बोलून दाखवत नसत एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर रांग लागली. मी यादी घेऊन टेबलापाशी. बाबा खांद्यावर ती पट्टी घेऊन आले. बाकीची माणसं मागे थांबून होती, कारण बाबा देतात का ते त्यांना पाहायचं होतं. पोरगी तिथं नोकरीत आहे, तिला माहीत असणार, असा सगळ्यांचा हिशोब.

"बाई," बाबा हळूच म्हणाले, "तुनं त्या दिवशी आणलं होतं थेच का हे? का सुधारलं?"

सर दोन हातांच्या अंतरावर उभे होते, कॅमेरावाल्याला काही सांगत. त्यांनी ऐकलंही नव्हतं. ऐकलं असतं आणि डोळे वटारले असते तर मला आज निदान ते तरी सांगता आलं असतं.

"सुधारलं, बाबा."

"देऊ मंग?"

"द्या."

त्यांनी दिलं, नवं घेतलं. मागच्यांनीही तेच केलं. सरांना पोकळ म्हणते मी, आणि माझ्या तोंडून काय निघालं बघा. त्याच आठवड्यात ती पट्टी मी माझ्या हातानं कापायच्या मशीनमध्ये घातली. तिच्यावर बाबांच्या शिवणीच्या गाठी होत्या, त्या पात्यात अडकत होत्या, तर नागपूरवाला म्हणाला, "याचं रॉ मटेरियल फारच खराब आहे."

मासोळीच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. सकाळी माणसं छातीएवढ्या पाण्यात उतरली, दोन्ही टोकांनी ओढायला लागली. जाळं अर्धगोल होऊन काठाकडे यायला लागलं तसं आतलं पाणी उसळायला लागलं. यंदा मासे चांगले होते, रोहू, कतला, मोठमोठे. पाळीवर बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. मधल्या, आमच्या नव्या पट्टीची एक गाठ गेली, मग शेजारची, मग ओळीनं सगळ्या. आवाज काहीच झाला नाही. फक्त आतलं उसळणारं पाणी शांत होत गेलं आणि ओढणाऱ्यांच्या हातातलं वजन हलकं झालं, ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. काठाला जाळं आलं तेव्हा त्यात दोन-चार टोपल्यांचे बारीक मासे होते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या फाटक्या पट्ट्या घेऊन पुन्हा उतरण्यात अर्थ नव्हता. जुनी कोणाकडेच नव्हती.

सगळे बाबांकडे पाहत होते. मग एकेक जण माझ्याकडे पाहायला लागला.

"पाण्यात खुट होता," बाबा म्हणाले. "माह्या पायात आला. माह्याच चुकीनं फाटलं."

त्या तलावात खुंट नाही. दर उन्हाळ्यात तळ उघडा पडतो, गावाला तो अंगणासारखा पाठ आहे. तरीही एक म्हातारा "असंन भाऊ" म्हणाला आणि माणसं जाळं गुंडाळायला लागली.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हाताळणीत चूक झाली असेल, लाभार्थ्यांना प्रशिक्षण द्यायला हवं, पुढच्या प्रस्तावात तसा भाग घालू, म्हणाले. ढिवरांना जाळं धरायला शिकवणार. बिनलेसच्या बुटाचा माणूस. आणि ठेवता ठेवता आठवण केली की अभिप्रायाचे फॉर्म शुक्रवारपर्यंत भरून आण, समितीला द्यायचेत.

तर ते फॉर्म घेऊन मी गुरुवारी घरी बसले. बाकीच्यांकडे जायची माझी छाती नव्हती, आधी बाबांचा काढला. जाळ्याबाबत आपण समाधानी आहात काय? पूर्णतः, अंशतः, नाही. मी 'नाही'वर पेन टेकवला.

"काय लिहून राह्यली?"

मी सांगितलं.

"थो कागद तुह्या सायबाकडं जाते?"

"हो."

"तुही ऑर्डर थोच काढते ना?"

"हो, बाबा."

"मंग पूर्ण लिही."

मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यांनी फॉर्म माझ्या हातातून घेतला, पूर्णतःच्या चौकटीत स्वतः खूण केली, आणि खाली सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. मग पेन माझ्याकडे देता देता थांबले.

"तुले मालूम होतं ना, बाई?"

"होतं."

त्यांनी मान हलवली. आत आई भांडी लावत होती, तिकडे एकदा पाहिलं.

"तुह्या मायले सांगू नोको," ते म्हणाले.