खोटं गिऱ्हाईक

माझ्या बहिणीचा मुलगा लहानपणापासून घुम्या. घरात नावही तेच पडलं. असा मुलगा आर्थिक सल्लागार झाला तेव्हाच मी बहिणीला म्हटलं, "अगं, याला दुकानदाराकडे सुटे मागता येत नाहीत, हा लोकांना पैसे गुंतवायला लावणार?"

तसंच झालं. अभ्यास चोख, नियम तोंडपाठ. पण समोर माणूस बसला की हा नुसता ऐकायचा. मान डोलवत ऐकत राहायचा आणि सही घ्यायची वेळ आली की पाणी आणायला उठायचा. शेवटी त्याच्या मॅडमनी सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत सुधार, नाहीतर दुसरीकडे बघ. आणि घरी बायकोला दिवस गेलेले.

एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाला, "मावशी, कदाचित त्याच ऑफिसात दुसरं काम मिळेल."

"कसलं?"

"गिऱ्हाईक व्हायचं."

"म्हणजे आता तूच त्यांना पैसे देणार?"

"नाही गं. नव्या मुलांना सरावाला खोटं गिऱ्हाईक लागतं. परवा ठरलेला माणूस आला नाही, म्हणून मला बसवलं. शुक्रवारी मॅडम स्वतः बघणार आहेत. जमलं तर ठेवतील."

इतकं आयुष्य गेलं, पण असली नोकरी कधी ऐकली नव्हती. मी म्हटलं, बघायला येते. तो "नको" म्हणाला, म्हणून गेलेच. चौकशीच्या टेबलावर सरळ खरं सांगितलं, भाच्याचं काम बघायचंय. त्यांनी मला वर्गात मागच्या खुर्चीवर बसवलं.

पुढे एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, पाण्याचा जग आणि टिश्यूचा डबा. रडायचीही सोय! भिंतीशी मॅडम वही घेऊन बसलेल्या. एक शिकाऊ मुलगी लॅपटॉप उघडून तयार.

घुम्या आला, ताठ बसला आणि मांडीवर पर्स असल्यासारखे हात ठेवून म्हणाला, "बोला लवकर. मला दिवसभर वेळ नाही."

वर्ग हसला. मी नाही हसले. ही बाई मी रोज आरशात बघते.

मुलीने आलेख दाखवायला सुरुवात केली. "काकू, महागाई..."

"महागाई मला शिकवू नका. बाजारात मी जाते."

"पण पैसा बँकेत नुसता पडून राहिला तर..."

"राहू दे पडून. मी उभी आहे ना!"

पोरं लोळायची बाकी होती. मुलीचे कान लाल झाले. तिने आणखी दोन आलेख काढले, घुम्याने दोन्ही उडवून लावले. शेवटी तिने लॅपटॉप मिटून बाजूला सारला. मग म्हणाली, "काकू, एवढे पैसे हाताशी कशाला लागतात तुम्हाला?"

घुम्याची पाठ जराशी वाकली. "हे गेले तेव्हा बँकेला सुट्टी होती. दवाखान्याचं बिल भरायला शेजारणीच्या दारात उभं राहून पैसे मागितले मी. पुन्हा कुणाच्या दारात जायचं नाहीये मला."

हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं, भांडी पुसताना. तेव्हा तो हूं की चूं म्हणाला नव्हता. मला वाटलं, पोराचं लक्ष नाही.

"मग तेवढे आधी बाजूला ठेवू," मुलगी म्हणाली. "त्यांना हातच लावायचा नाही. उरलेल्यांचं नंतर बघू."

"हे आधी विचारायला काय झालं होतं?" घुम्या गुरगुरला; पण खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली.

मॅडमनी वही मिटली. "सोमवारी कोण होशील?"

"सासरे," घुम्या म्हणाला. "त्यांचा कुणावरच विश्वास नाही."

"होऊ दे."

म्हणजे नोकरी राहिली.

बाहेर आल्यावर मी त्याला जिन्यातच गाठलं. "मला विचारलं होतंस का रे?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"मुळीच नाही."

मी फार ताणलं नाही. इतकंच म्हटलं, "ती पोरगी शिकून तयार झाली की तिला माझ्याकडे पाठव. आणि सांग, हे गिऱ्हाईक खरं आहे."