पावणेदोन पानं

तिचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आतच तिचा हात त्याच्यावर पडायचा, कारण शेजारच्या खाटेवर मुलगी झोपलेली असायची. चहा उभ्याउभ्याच. सव्वापाचला सासूला हलवायचं, "अहो आई, निघाले मी," आणि साडेपाचच्या ठोक्याला इस्पितळाच्या लाँड्रीत हजर.

काम चादरींचं. धुऊन पिळून आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची आणि इस्त्रीच्या यंत्राच्या तापलेल्या रुळांमध्ये किनार सरळ घालायची. किनार बोटभर वाकडी गेली तर चादर पलीकडून चुण्या पडून निघते आणि पुन्हा पाण्यात जाते. म्हणजे पाणी, साबण, वाफ आणि दोन बायकांची मेहनत फुकट. सतरा वर्षांत तिच्या हातची चादर क्वचितच परत गेली असेल. नवीन बाई आली की मुकादम तिला हिच्याच हाताखाली द्यायचा. ती नवीन बाईला पहिला आठवडा नुसतं झटकायला लावायची, रुळाजवळ फिरकू द्यायची नाही.

"ताई, अहो समजलं मला," ती बाई कुरकुरायची.

"तुला समजलं. मनगटाला समजायला आठवडा लागतो."

दीडला सुट्टी. घरी आलं की दुसरी पाळी. आजूबाजूच्या बिऱ्हाडांचे कपडे ती इस्त्रीला घ्यायची आणि इस्त्री करता करता मुलीला शिकवायची.

मुलीला घरात माऊ म्हणत. नवव्या वर्षी तिच्या मणक्याला दुखणं लागलं. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टर, चौदा महिने उताणं. शाळेने पटावरचं नाव काढलं. बरी झाली की आणा म्हणाले, बसवू पुन्हा त्याच वर्गात. नवरा मालवाहू बोटीवर खलाशी, वर्षातून दोनदा घरी येणारा. त्याला पत्रातून कळवलं, त्याचं उत्तर येईपर्यंत तिने ठरवूनही टाकलं होतं. पोरीचं वर्ष वाया जाऊ द्यायचं नाही. शाळा नसेल तर नसेल.

इस्त्रीच्या टेबलासमोर तिने दोरी बांधली आणि पुस्तक कपड्यांच्या चिमट्यांनी त्या दोरीला उघडं टांगलं. एक बाही, एक वाक्य. एक कॉलर, एक वाक्य. ती मोठ्याने वाचायची, माऊ खाटेवरून परत म्हणायची. शर्ट घडी होऊन बाजूला पडायचा तोवर धडा झालेला असायचा. लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. उताणं पडून पेन उलटं धरलं की शाई उतरत नाही, आणि पाटी वर धरून हात भरून येतात. गणितं माऊ तोंडीच करायची, फार तर पाटीवर दोन आकडे मांडून. प्लास्टर निघालं, पोर उठली, हळूहळू घरभर हिंडू लागली, पण शिकवणं तसंच चालू राहिलं. चांगलं चाललेलं होतं. चांगलं चाललेलं कोण मोडतं?

घरी शिकवणाऱ्या आणखी काही बायका त्या भागात होत्या. दर गुरुवारी चार वाजता त्या नर्सबाईंच्या घरी जमायच्या. नर्सबाईंना पूर्वी इस्पितळात नोकरी होती. त्यांच्या जुळ्या मुलींना शाळेत फार त्रास झाला म्हणून त्यांनी दोघींना काढून घरी बसवलं होतं. रंगाऱ्याची बायको यायची, तिची धाकटी तोतरी होती. अजून दोघी-तिघी. प्रत्येकीने आठवड्यात काय जमलं ते एक सांगायचं आणि काय फसलं ते एक सांगायचं, असा नर्सबाईंनी नियम केला होता. जमलेलं सगळ्या सांगायच्या. फसलेल्याची पाळी आली की कोणीतरी चहा ओतायला उठायची.

सांगणं मात्र कामाचं असायचं. पोट भरल्यावर गणित नको, पेंग येते. दर विषयाला वेगळी पिशवी, म्हणजे शोधाशोधीत अर्धा तास जात नाही. आपलं डोकं दुखत असेल त्या दिवशी शिकवायचं नाही, नकाशा रंगवायला द्यायचा. पाहुणे आले तरी पुस्तक मिटायचं नाही, नाहीतर पाहुणे रोज येतात.

लाँड्रीवालीची पाळी आली की बायका पुढे सरकून बसायच्या.

"लिहायला लावू नका," ती सांगायची. "लिहिण्यात तास जातो आणि डोक्यात काही राहत नाही. तोंडी घ्या. हाताने आपलं काम करायचं, तोंडाने शिकवायचं. आपली कामंही उरकतात."

"आणि राहतं लक्षात?" रंगाऱ्याची बायको विचारायची.

"विचारा ना काहीही. बसलीय ती."

माऊला कुठलंही पान विचारलं तरी ती घडाघडा सांगायची. सनावळ्या, नद्या, पानाच्या हिरवेपणापासून हृदयाच्या कप्प्यांपर्यंत. बायका तोंडात बोट घालायच्या. नर्सबाई आपल्या जुळ्यांकडे बघून म्हणायच्या, "ऐका जरा, ऐका." पुढच्या गुरुवारपर्यंत दोन घरांतल्या वह्या कपाटात गेलेल्या असायच्या. ती घरी जाताना ताठ चालायची. इतक्या वर्षांत तिला कामाबद्दल शाबासकी मिळाली होती, अकलेबद्दल कोणी दिली नव्हती.

माऊ सोळाची झाली तेव्हा तिने शालान्त परीक्षेला बाहेरून बसायचा अर्ज भरला. ही परीक्षा पास झाली की इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून घेत. रक्त तपासायचं, काचेवर थेंब पसरायचा. बसून करायचं काम, पाठीला झेपणारं. माऊला तेच हवं होतं. आईने त्या शिक्षणाच्या खर्चासाठी इस्त्रीचे पैसे वर्षानुवर्षं बाजूला टाकले होते.

पहिला पेपर इतिहासाचा. तिने बिनपगारी रजा टाकली आणि तीन तास परीक्षेच्या इमारतीच्या पायरीवर बसून काढले. माऊला सगळं पाठ आहे हे तिला ठाऊक होतं. तिला चक्क डुलकी लागली.

घंटा झाली. पोरं बाहेर पडली, बोटांवरची शाई पुसत, एकमेकांना उत्तरं विचारत. माऊ सगळ्यात शेवटी आली. उजवा हात तिने डाव्या हातात धरला होता.

"काय गं, अवघड होता?"

"नाही. सगळं येत होतं."

"मग?"

"पावणेदोन पानं झाली, आई."

तिला आधी कळलंच नाही. "पावणेदोन म्हणजे?"

"लिहून. तीन तासांत. शेजारच्या मुलीने तीनदा जादा कागद मागितला." माऊने बोटं उघडायचा प्रयत्न केला. अंगठा आत वळून राहिला होता. "एका पानानंतर बोटं आखडली. मग मी डाव्या हाताने लिहिलं थोडं. मग नुसतीच बसले. मनात सगळी उत्तरं म्हटली, आई. सगळी बरोबर होती."

आईने तो हात घेतला आणि चोळायला लागली. मऊ हात होता. मधल्या बोटावर पेनाचा घट्टा नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीच्या बोटावर तो असायला हवा, आणि रोज तो हात धुणारी, त्याची नखं काढणारी ती, तिने तो कधी शोधला नव्हता.

उरलेले पाच पेपर तसेच गेले. गणितात आणि विज्ञानात ती कशीबशी निघाली, तिथे लिहायला कमी लागतं. बाकी चारांत नापास.

निकालाच्या दिवशी संध्याकाळी सासूने तोंड उघडलं. "सूनबाई, पोपटालासुद्धा सगळं येतं. त्याला कोणी नोकरीला ठेवत नाही."

"अहो आई, ती ऐकतेय आत."

"ऐकू दे. ऐकायचीच सवय लावलीस ना तिला."

लाँड्रीत समोरच्या टोकाला उभी असायची ती बाई हिच्याच हाताखाली तयार झालेली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती चादर धरून थांबलीच. मागून मुकादम ओरडला तरी थांबली. "ताई, मला आठवडाभर नुसतं झटकायला लावलं होतंत तुम्ही. मी रडले होते घरी जाऊन. आणि पोरीला सात वर्षं पेन दिलं नाहीत?"

त्या दिवशी हिच्या हातच्या दोन चादरी परत पाण्यात गेल्या.

गुरुवारी ती गेली नाही. पुढच्याही गुरुवारी नाही. नर्सबाईंनी निरोप पाठवला, तब्येत बरी आहे ना? तिने बरी आहे म्हणून कळवलं. खरी गोष्ट तिला टोचत होती. नर्सबाईंच्या जुळ्या पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार होत्या, रंगाऱ्याची थोरली त्याच्या पुढच्या वर्षी. कपाटात गेलेल्या वह्या हिच्या सांगण्यावरून गेल्या होत्या. गप्प बसलं तर माऊ आजारी होती, पाठ दुखली, असं काहीही म्हणता आलं असतं. लोकांनी विश्वासही ठेवला असता.

तिसऱ्या गुरुवारी ती गेली. पाळीची वाट न बघता दारातूनच बोलली.

"फसलेलं सांगायला आलेय. तोंडी घ्या म्हटलं होतं ना मी, ते चूक होतं. माऊ नापास झाली. येतं सगळं, लिहिता येत नाही. हात चालत नाही."

कोणी चहा ओतायला उठलं नाही. नर्सबाईंनी जुळ्यांना हाक मारली, कागद दिला, पाठ असलेला कुठलाही धडा लिहा म्हणाल्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. नाडी मोजायच्या तशा त्या काट्याकडे बघत राहिल्या. वीस मिनिटांनी एकीच्या आठ ओळी झाल्या होत्या. दुसरी पाच ओळींवर हात झटकत होती.

"बस करा," नर्सबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता.

रंगाऱ्याची बायको मात्र भडकली. "आम्ही तुमचं ऐकलं हो! नवरा म्हणत होता, अगं लिहून घे, लिहून घे. मी त्याला म्हटलं, तुला काय कळतं, लाँड्रीवाल्या ताईंची पोरगी बघ जाऊन."

"बरोबर आहे तुमचं."

"बरोबर आहे म्हणून काय करू? वर्षं परत आणून देता?"

"नाही आणता येत."

ती उभीच होती. बसा असं कोणी म्हणालं नाही, म्हणून ती निघाली. नर्सबाई दारापर्यंत आल्या. "निदान आत्ता तरी सांगितलंत," एवढंच म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. पुढच्या महिन्यात जुळ्या शाळेत गेल्या, दोन वर्ग खाली. गुरुवार आपोआप बंद पडले.

घरी तिने माऊला लिहायला बसवलं. नव्या बाईला तयार करतात तसं. पहिला आठवडा रोज दहा मिनिटं, नुसत्या ओळी. बोटं आखडली की थांबायचं, कोमट पाण्यात हात बुडवायचा, पुन्हा दहा मिनिटं. घाई नाही. दुसऱ्या आठवड्यात पंधरा. हात सुधारत होता, पण पान काही पुढे सरकत नव्हतं. माऊ दोन ओळी लिहायची आणि मान वर करून उरलेलं उत्तर बोलून टाकायची. आई "लिही" म्हणायची. माऊ लिहायची एक ओळ, आणि पुन्हा बोलायची.

"अगं, लिहायचंय."

"माहितीये गं." माऊने पेन खाली ठेवलं. "तू समोर असलीस की मी बोलायलाच लागते. तू इस्त्री करतेस ना, तो आवाज आला की तोंड आपोआप सुरू होतं."

"मग मी आत जाऊन बसते."

"आत गेलीस तरी तू आहेसच." माऊ रागात नव्हती. हिशोब मांडून दाखवावा तशी बोलत होती. "मला दुसरीकडे पाठव. जिथे कोणी माझं ऐकत नाही तिथे."

आईने इस्त्री उभी ठेवली. शर्टाची बाही अर्धी राहिली होती, ती तशीच राहिली.

बाजाराच्या मागे एक मास्तर नापास मुलांचा वर्ग घ्यायचे. दुपारी तीन ते सहा, वर्षभर. तिने जाऊन बघितलं. लांब बाकं, फळा, भिंतीवर घड्याळ. मास्तर प्रश्न लिहायचे आणि तीन तास वर्गातून फिरायचे. बोलेल त्याला बाहेर काढायचे.

"लिहायची सवय अजिबात नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"शाळेत कोणी घालून दिली नाही?"

"शाळेत नव्हती. घरी शिकवलं मी."

मास्तरांनी तिच्याकडे आणि तिच्या वाफेने सुरकुतलेल्या हातांकडे पाहिलं. "वर्षाची फी आगाऊ लागते," म्हणाले.

प्रयोगशाळेच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले इस्त्रीचे पैसे तिने दुसऱ्या दिवशी आणून दिले. सात वर्षं इस्त्री फिरवून साठवलेल्या त्या पैशांत माऊला चौथ्या रांगेतल्या बाकावर खिडकीकडची एक जागा मिळाली, आणि दुपारी तीन ते सहा या वेळेत, आईपासून लांब, तोंड मिटून बसायची सोय झाली.