दोन्ही डोळे मिटवणारी कैरी

फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होतो. गोपाळच्या बायकोचा, अनसूयावहिनींचा, नंबर पाहिला आणि वाटलं, त्यानं माझ्यासाठी मरळ मासे राखून ठेवले असतील. म्हणून हॅलो म्हणायच्या आधीच मी विचारलं, "किती आहेत?" वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थे गेले."

वेळ चुकवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. गोपाळ असता तर यावरही हसला असता.

गोपाळ आमच्या कोंढा गावचा, तलावावर मासे मारणारा. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. पुढे मी रसायनशास्त्राचा मास्तर झालो, तो मासेमारीच्या डोंग्यावर गेला. पण गावात शब्द चालायचा तो त्याचा, निदान वर्षातून एक दिवस. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक जुना गावरानी आंबा आहे, अख्ख्या गावाच्या लोणच्याचा. त्याच्या कैऱ्या कधी उतरवायच्या हे गोपाळ ठरवायचा. उन्हाळ्यात सकाळी जाळी वाळत घातली की तो एक कैरी चावायचा, आणि बाया त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. एकच डोळा मिटला तर अजून दिवस भरला नाही. दोन्ही मिटले की टोपल्या धावल्याच म्हणून समजा.

मी शिकलेला माणूस, मला हे कसं सहन व्हावं! एका वर्षी मी ब्युरेट, थेंब मोजायची काचेची नळी, पाळीवर नेली आणि सगळ्यांना समजावून सांगितलं, की कैरी वाढते तशी तिच्या पेशीपेशीतल्या पाण्याच्या पिशवीत आम्ल साठत जातं, बाठ टणक होईपर्यंत साठा चढतो, आणि पिकायला लागली की फळ तेच आम्ल जाळून खातं, साखर वर येते. आता रसात थेंबथेंब सोडा टाकायचा, गुलाबी रंग आला की आम्ल मोजून झालं. टाकत राहिलो. नळी संपली, पुन्हा भरली, रंग काही येईना. उकिडवा बसलेला गोपाळ शेवटी म्हणाला, "मास्तर, कैरीले मोजून राहिला का धुऊन राहिला?" रंग दाखवणारे दोन थेंब मी टाकलेच नव्हते. त्यानंतर कित्येक वर्षं पंगतीत वरण आंबट झालं की बाया मला विचारायच्या, "मास्तर, सोडा टाकू का?"

मग तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं त्याला गाठलं. गालाच्या आत गाठ, नागपूरचं ऑपरेशन, महिनाभर किरणांचा शेक. परत आला तो अर्धा होऊन. पाळीवर मला एकट्याला बोलावलं.

"काहीच लागत नाही बे. मीठ नाही, तिखट नाही. अनसूयानं काल चिंच देली, माती चावल्यावानी वाटलं."

मी म्हणालो, येईल चव परत. त्यानं ते ऐकलंच नाही.

"गावाले नोको सांगू. यंदाचा दिवस तू पाय तुह्या नळीनं. मी डोळे मिटतो."

लहानपणापासून एवढा भरवसा माझ्यावर कोणी टाकला नव्हता. एक दिवसाआड मी डब्यातून कैरी सुट्टीतल्या रिकाम्या प्रयोगशाळेत न्यायचो. या वेळी ते दोन थेंब आठवणीनं टाकले. आकडा चढतच होता. मी सांगायचो, थांब. तो कैरी चावून एक डोळा मिटायचा. एका सकाळी आकडा चढायचा थांबला आणि मी त्याला म्हणालो, आज. त्यानं चावली, दोन्ही डोळे घट्ट मिटले, नेहमीसारखे खांदेसुद्धा आखडले. बाया हसल्या. त्या तोंडात काहीही पोचत नाही, हे त्या पाळीवर मला एकट्याला ठाऊक होतं...

अडकित्त्याखाली पहिली कैरी गेली आणि कच्चकन आवाज आलाच नाही. आत पिवळी झाक. दिवस केव्हाच उलटून गेला होता. रखमाकाकी म्हणाली, "गोपाळ, कसं झालं रे बाप्पा हे?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "माही जीभ चुकली, काकी."

परत येताना मी काही बोलू लागलो तर म्हणाला, "चूप राय. पोट्टे वर्गात हासतीन तुले. मले काय, मासोळ्या काही इचारत नाहीत."

कॉलेज उघडल्यावर कारण सापडलं. सोड्याची बाटली गेल्या वर्षीची, बूच सैल. हवा लागून तो दिवसेंदिवस कमजोर होत गेला. कमजोर सोडा जास्त लागतो, आणि मास्तराला वाटतं आम्ल चढतंय. बारावीचं पोरगंही हे सांगेल. गोपाळला सांगायला मी तीनदा गेलो. एकदा तो झोपला होता, एकदा पाहुणे होते, एकदा मीच पावसापाण्याचं बोलून परतलो. चौथ्यांदा गेलो ते तिरडी बांधायला.

तेरवीला बाया हळहळत होत्या, "बिचारा, शेवटच्या सालीच चुकला." मी वरण वाढत होतो. वाढतच राहिलो.

म्हणून कोंढ्याच्या मंडळींसाठी इथे लिहितो: गोपाळची जीभ चुकली नाही. तिला काही लागतच नव्हतं. चुकला तो मी. त्यानं लपवायला सांगितलेलं उघड करायचं, म्हणून आधी वहिनींना विचारायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि त्याच कैऱ्यांच्या लोणच्याची एक बरणी घेऊन आल्या.

"मले ठाऊक हाये, भाऊजी. थे म्हनत, हे लोनचं मास्तरचं हाये, त्यालेच देजो. लिहा तुमी."

बरणी आता माझ्या जेवणाच्या पाटाजवळ असते. फोडी मऊ आहेत, जिभेवर ठेवताच विरतात. आंबटपणा कमी असावा, मोजून पाहिलेला नाही. तरी पहिल्या घासाला माझे दोन्ही डोळे मिटतात, आणि उघडायला जरा वेळ लागतो.