सासूबाईंची डावखुरी झालर

कात्रीकाका गिऱ्हाइकांच्या केसांचे स्वेटर विणतात, अशी गल्लीत बोलवा होती. दूधवाला तर शपथेवर सांगायचा, "माझी मिशी कुणाच्या तरी अंगात गेलीय." हे साफ खोटं. काका दुकानात बसून विणत होते, एवढं खरं. पण ती लोकर होती. आता काळी लोकर फरशीवरच्या केसांत लोळायला लागली, तर काका काय करणार?

झालं असं, की काकांच्या सासूबाई एक पांघरूण अर्धवट ठेवून देवाघरी गेल्या. पांघरूण कसलं, सगळ्या सुयांचं संमेलनच. चौकोन विणलेले, चौकोनांवर फुलीच्या टाक्यांचे पोपट भरलेले, खाली कापडाच्या तुकड्यांचं अस्तर आणि कडेने क्रोशाची झालर. राहिलं होतं एका पोपटाचं शेपूट आणि एका बाजूची झालर. काकूने ते विणकामाच्या क्लासवाल्या बाईंना दाखवलं. बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला.

"म्हणजे कसं आहे ना, तुमच्या आई डावखुऱ्या. टाके सगळे भलतीकडे कललेत. माझे काही तसे कलायचे नाहीत. आहे ती झालर उसवू आणि सबंध नवी घालू. रविवारी येऊन नेते."

काकू "बरं" म्हणाली आणि घरी येऊन आईच्या झालरीवरून नुसती बोटं फिरवत बसली. चहा गार झाला तरी उठेना.

"उसवायची नाही," काका म्हणाले. "रविवारच्या आत मी पुरी करतो."

"तुम्ही? तुमच्या शर्टाचं बटण कोण लावतं?"

"तू लावतेस, म्हणून मी लावत नाही."

काका मोबाइलवर बघून क्रोशा शिकायला लागले. पहिली वीतभर झालर झाली, तर सासूबाईंचे टाके पूर्वेला नि जावयाचे पश्चिमेला. अबोला धरलेल्या जावाच जणू. उसवली. मग सुई डाव्या हातात धरली, तर लोकर दाढीच्या ब्रशात अडकली. मोबाइलमधली शिकवणारी पडली उजव्या हाताची. डाव्या हाताने तिचं बघून करायचं म्हणजे डोक्याला गुंता.

एक दिवस त्यांनी मोबाइल आरशाकडे तोंड करून टेकवला आणि गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावायला घेतला. सहज वर पाहिलं, तर आरशातली बाई चक्क डावखुरी. काका ब्रश टाकून सुईकडे धावले. अहो, ज्याचा जन्म आरशात बघून लोकांचे भांग पाडण्यात गेला, त्याला याहून सोपं काय असणार?

"काका, फेस वाळला."

"एवढी ओळ होऊ द्या. मध्येच सोडली तर टाका पळतो."

"मग मीही पळतो."

"अर्ध्या दाढीने?"

गिऱ्हाईक बसून राहिलं.

झालर जमली. पोपटाने मात्र दगा दिला. फुल्या मोजताना काका गप्पांत गुंगले आणि शेपूट आखूड झालं.

"ह्याला मिलिटरी कट दिलात," काकू म्हणाली.

"उन्हाळ्याला बरा."

रविवारी बाई उसवायची कात्री घेऊनच आल्या. त्या जोड पहिल्या फटक्यात शोधतील, अशी मी, म्हणजे गल्लीतल्या नकल्याने, काकांशी पैज मारली. हरलो तर आठवडाभर कुणाचीही नक्कल करायची नाही.

जावयाने ती पुरी केली, हे काकूकडून ऐकून बाईंनी झालरीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. पांघरुणाभोवती प्रदक्षिणा झाली. काका खिडकीबाहेर बघत होते, कान मात्र घरात.

"हां, इथे," बाई म्हणाल्या. "इथपासून जावईबापूंचा हात. सैल पडलाय."

"तो आईचा आहे," काकू म्हणाली.

बाईंनी कात्री गुपचूप पिशवीत टाकली. काकूने भर उकाड्यात पांघरूण खांद्यावर घेतलं आणि तशीच चहा ओतायला लागली. बाई मग दारात उभ्या राहून, हातवारे करकरून, आपल्याला सगळं आधीच कसं कळलं होतं ते सांगत राहिल्या. पैज हरलेला मी तोंडावर हात घट्ट दाबून ऐकत होतो.