बाहेरून कूलर, आतून एसी

आर्णीत कूलर बिघडला की भीमराजला फोन लावायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, माणूस हेच करतो आहे. होळी तोंडावर आली की लोकांच्या गच्चीवरचे कूलर खाली उतरवायचे, टाकीतले क्षार खरवडायचे, पत्रा गळत असेल तर आतून डांबराचा हात मारायचा, मागच्या साली काळं पडलेलं गवत उपसून नवं भरायचं. ऐपतवाला असेल तर वाळा. पंप सुरू करून तो नुसता कान देतो आणि सांगतो, हा यंदाचा उन्हाळा काढेल की मे महिन्यात मान टाकेल. आजवर त्याचं फारसं चुकलेलं नाही.

हाताला गुण आहे, पण तोंडाला लगाम नाही. एसीचं नाव काढलं की भीमराज पेटलाच म्हणून समजा. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसून त्याने एसीला इतक्या शिव्या दिल्या आहेत, की एसीला कान असते तर तो केव्हाच बंद पडला असता. एसीने हाडं धरतात, कातडी सुकते, माणूस दार लावून घेतो आणि शेजारी मेला तरी त्याला कळत नाही, हे त्याचं ठरलेलं भाषण. मागच्या गल्लीपलीकडच्या भगवानराव गुरुजींनी तीन वर्षांपूर्वी एसी घ्यायचं काढलं, तेव्हा भीमराजने तासभर त्यांचं डोकं खाऊन त्यांचा बेत मोडला होता. गुरुजी रिटायर माणूस, ऐकून घेतलं बिचाऱ्यांनी.

पण गाव थोडंच त्याचं ऐकणार होतं? आता आर्णीत दिवसभर पाठीवर मोठ्या पिशव्या घेतलेली पोरं मोटरसायकलवर फिरतात आणि घराघरात खोकी टाकून जातात. चपला खोक्यातून, भांडी खोक्यातून, रांगोळीसुद्धा खोक्यातून. मुलगी पाहायला आलेले लोक आधी भिंतीकडे वर पाहतात, एसी दिसला की मग पोहे उचलतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, उगाच बोलत नाही.

तर अशा या भीमराजची एकुलती एक मुलगी अपेक्षा. पुण्यात दिली आहे. जावई इंद्रजीत कंपनीत कामाला, स्वभावाने गरीब, बोलणं मोजकं. अपेक्षाला दिवस गेले आणि लीलाबाईच्या, म्हणजे भीमराजच्या बायकोच्या, अंगात वारं शिरलं. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काय आहे? तिने डिंक आणला, अळीव निवडले, खोबरं किसून डबे भरले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. मागच्या खोलीला चुना दिला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंद्रजीतचा फोन आला. अडखळत अडखळत तो म्हणाला की बाबा, तुमच्याकडे मे महिना फार कडक असतो, बाळाला ते कसं सोसेल, कूलरची हवा ओली असते, घरात एसी असता तर गोष्ट वेगळी होती, तर आम्ही इथेच करावं म्हणतोय. भीमराजने बरं म्हणून फोन ठेवला. लीलाबाईने सगळं ऐकलं होतं. अळिवाचा डबा उचलून तिने वरच्या फळीवर, मागे, पातेल्यांच्या आड ठेवून दिला. भीमराजच्या काळजाला घरं पडली ती तो डबा पाहून.

चार दिवस माणसाला अन्न गोड लागलं नाही. अठ्ठावीस वर्षं आख्ख्या आर्णीला थंड हवा दिली आणि आपल्याच लेकीला आपलं घर गरम पडलं! जावयाला आपलं घर कमी वाटलं, हे शल्य तर कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. पाचव्या दिवशी त्याने बँकेतून साठवलेले पैसे काढले आणि यवतमाळची बस धरली. आर्णीत एसीची तीन दुकानं आहेत, पण तिथे घेतला असता तर चहा थंड व्हायच्या आत टपरीवर बातमी.

खोकं आलं ते ताडपत्रीत गुंडाळून, टेम्पोतून, भर दुपारी दोन वाजता. आमच्याकडे उन्हाळ्यात चोरी करायची असेल तर दुपारी दोनलाच करावी. रस्त्यावर कुत्रंही नसतं. नासिरभाई आला आणि त्याने एसी बसवला. हा फ्रिज-एसीचा मिस्त्री, भीमराजचा जुना दोस्त, पोटात गोष्ट ठेवणारा. आतला भाग मागच्या खोलीत, बाहेरचं मशीन मागच्या गल्लीकडच्या भिंतीवर. त्याने बजावून सांगितलं की मशीनच्या पुढे काही ठेवू नको, त्याला मोकळा वारा पाहिजे. भीमराजने मान डोलावली. इंद्रजीतला फोन गेला, एसी लागला म्हणून. तिकडून जावयाने दोनदा विचारलं, खरंच घेतला? मग म्हणाला, ठीक आहे, पाठवतो.

आता अडचण उरली एकच. मागच्या गल्लीच्या पलीकडे भगवानराव गुरुजींचा ओटा, आणि गुरुजी सकाळ-संध्याकाळ तिथेच बसलेले. त्यांना ते पांढरं मशीन दिसलं की संपलं. ज्या माणसाने आपल्याला एसी घेऊ दिला नाही त्याच्याच घरी एसी! आणि एसीवाल्याच्या हातून पुढच्या वर्षी कूलर कोण भरून घेईल?

मग भीमराजने आपलं डोकं चालवलं. चालवायला नको होतं. अडगळीतला मोठ्या कूलरचा सांगाडा काढला, मागचा पत्रा कापला, लोखंडी स्टँडवर चढवून थेट त्या मशीनवर घातला. तिन्ही बाजूंच्या जाळ्यांत नवाकोरा वाळा भरला, वरून हिरवा रंग मारला. रोज सकाळी त्या वाळ्यावर तो चार मग पाणीही मारायचा, म्हणजे कूलर चालू आहे असं वाटावं. लीलाबाई म्हणाली, "आपण चोरी केली का कोनाची? एसी घेतला, घेतला. लपवता कायले?" त्याने तिला गप्प बसवलं. दोन-चार दिवसांनी गुरुजींची मोगऱ्याची कुंडी त्या कूलरच्या खाली येऊन बसली. सावलीला ठेवली असेल म्हणून भीमराजने तिकडे लक्ष दिलं नाही.

अपेक्षा आली, दिवस भरले, यवतमाळच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी. गोरीगोमटी, डोक्यावर हे एवढं जावळ. मायलेकी घरी आल्या. एप्रिलच्या अखेरीस एसीने काम चांगलं केलं, लीलाबाईचा अळिवाचा डबा फळीवरून खाली आला, घराला बाळंतशेपाचा वास लागला. भीमराज लोकांचे कूलर भरून घरी यायचा, हातपाय धुऊन नातीजवळ बसायचा आणि तिच्या मुठीत आपलं बोट देऊन उगाच बसून राहायचा.

बारशाच्या आदल्या दिवशी इंद्रजीत पुण्याहून आला. बारशाच्या दिवशी ऊन असं पडलं की विचारू नका, पारा सेहेचाळीसवर. संध्याकाळी बायका यायच्या होत्या. आणि दुपारी दीडच्या सुमारास एसीने खड्ड आवाज केला आणि बंद पडला.

भीमराजने रिमोट दाबला. पुन्हा दाबला. मशीन पाच मिनिटं घुरघुरायचं आणि बसायचं. बंद खोली तापायला वेळ लागतो का? घटकाभरात बाळ लालबुंद झालं आणि रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. अपेक्षा घामाने भिजली. इंद्रजीत नुसता आत-बाहेर करत होता, आणि भीमराजला त्या येरझाऱ्यांत एकच गोष्ट ऐकू येत होती. आता हा म्हणणार, चला पुण्याला. उद्याच्या उद्या घेऊन जाणार. बारा दिवसांची नात, अजून तिने आपल्याला नीट पाहिलंही नाही, आणि चालली.

लीलाबाईने मात्र कोणाला विचारलं नाही. पुढच्या खोलीतला जुना कूलर तिने ओढत आणून दारात लावला, मागची खिडकी सताड उघडली, बाळाचा पाळणा वाऱ्याच्या सरळ झोतातून जरा बाजूला सरकवला आणि बटण दाबलं. तेवढ्यात भीमराजने फोन करून बोलावलेला नासिरभाई फटफटीवरून आला. आतलं मशीन पाहिलं, ठीक होतं. बाहेर पाहतो म्हणून गल्लीत गेला. भीमराज त्याच्या मागे धावला, पण उशीर झाला होता.

नासिरभाई कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग त्याने आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भीमराजभाऊ, याले कूलर कोनं घातला?"

इंद्रजीत बाहेर आला. ओट्यावरून गुरुजी उठले. भीमराजला वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. नासिरभाई वाळलेला वाळा मुठीने उपसत होता आणि बोलत होता, की सारी गरम हवा आतल्या आतच फिरून राहिली, मशीनचा जीव घुसमटला, दुसरं काही झालं नाही. आर्णीतल्या सगळ्यात हुशार कूलर मिस्त्रीने आपल्या हाताने एसीचा गळा दाबला होता.

गुरुजी जवळ आले. त्यांनी आपली मोगऱ्याची कुंडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. मोगरा कळ्यांनी भरला होता. "लेका भीमराज," ते शांतपणे म्हणाले, "कूलरचं पानी कधी नळीतून टिपटिप गल्लीत पडते का? दोन महिने झाले, तुह्या एसीच्या पान्यावर मी मोगरा जगवून राह्यलो. साऱ्या गल्लीले माहीत हाये."

"मंग बोलले काहून नाई?" भीमराजच्या तोंडातून कसंबसं निघालं.

तुला वाईट वाटलं असतं म्हणून, असं गुरुजी म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी हेही सांगितलं की त्यांच्या कूलरचा पंप कालपासून आवाज करतो आहे, तर संध्याकाळच्या गर्दीतून वेळ काढून पाहून जा, एसी घेतला म्हणून धंदा सोडला नाहीस ना? हे ऐकून भीमराजला हसावं की रडावं कळेना. दोन महिने रोज सकाळी चार मग पाणी मारत होता हो माणूस! आणि गल्ली रोज सकाळी पाहत होती.

नासिरभाईने सांगाडा उतरवला आणि हात धुवायला गेला. गल्लीत सासरा आणि जावई, दोघेच उरले. आता येईल ते येऊ दे, असं मनाशी म्हणत भीमराजनेच तोंड उघडलं. चूक माझीच आहे, एसी चांगला आहे, दोन तासांत खोली थंड होईल, तेवढ्यासाठी पोरीला नेऊ नका, असं काहीबाही तो बोलत सुटला. इंद्रजीत खाली पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा, एसीचं नुसतं निमित्त होतं," तो म्हणाला. "मला तिला पाठवायचंच नव्हतं. दोन-तीन महिने त्या घरात एकट्याने राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. असं कसं सांगायचं, लोक हसतील. म्हणून एसी म्हणालो. तुम्ही खरंच घ्याल असं वाटलं नव्हतं."

भीमराज त्याच्याकडे पाहतच राहिला. म्हणजे घर कमी नव्हतं. दोन महिने जो काटा आत रुतून बसला होता, रात्री कूस बदलली की टोचायचा, तो काटा मुळात तिथे नव्हताच. हा पोरगा बायकोवाचून राहू शकत नव्हता, एवढंच! आणि तेवढं सांगायची लाज वाटली म्हणून त्याने एसी पुढे केला, आणि एसीची लाज वाटली म्हणून आपण कूलर पुढे केला. दोघंही सारखेच येडे. त्याला असं मोकळं वाटलं, की भर उन्हात त्या गल्लीतच मटकन खाली बसावं.

"मंग तुमी बी राहा ना इथं," तो म्हणाला. "बायको माहेरी आली तं नवऱ्यानं येऊ नाई असं कुठं लिहेल हाये? तुमचं काम तं त्या लॅपटॉपवरच चालते."

इंद्रजीतने वर पाहिलं. अपेक्षानेही हेच सांगितलं होतं, पण बाबांना कसं विचारायचं, असं तो म्हणाला आणि पहिल्यांदाच मोकळा हसला. दोघं आत गेले. एसी सुरू करायला म्हणून भीमराजने रिमोट उचलला, तर लीलाबाईने ओठांवर बोट ठेवलं. दारातला जुना कूलर घरघरत होता, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला होता, अपेक्षा भिंतीला टेकून पेंगत होती आणि पोरगी मूठ गालाला लावून गाढ झोपली होती. भीमराजने रिमोट हळूच फळीवर ठेवला. मग जवळ जाऊन त्याने सवयीने कूलरच्या पंपाला कान दिला. पंप ठणठणीत होता, उन्हाळा काढणार होता. तो पिशवीत पाना-पक्कड टाकून गुरुजींच्या घराकडे निघाला.