अप्पांचं पिंप मी रिकामं केलं

मी नियम पाळते ते शहाणपणामुळे नव्हे, भीतीमुळे. लिफ्टमध्ये 'फक्त चार माणसे' लिहिलेलं असलं, की आत तिघं असतानाही मी जिन्याने जाते. (त्यातला एखादा जाड असला तर?)

माझे सासरे अप्पा नेमके उलटे. त्यांना कुणी 'बसा' म्हटलं की ते उभे राहतात. आणि माझा नवरा सुहास सगळ्याला 'हो' म्हणतो आणि काहीच करत नाही.

गेल्या पावसाळ्यात कल्याणच्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला डेंग्यू झाला. लगेच खाली पालिकेची नोटीस लागली. साठवलेलं पाणी दर आठवड्याला ओतून भांडी घासावीत. मी फोटो काढून आणला आणि घरात मोठ्याने वाचून दाखवला.

"हो," सुहास म्हणाला आणि मॅच बघत राहिला.

"मला हुकूम सोडणारी पालिका कोण?" अप्पा म्हणाले. "आधी रोज पाणी सोड म्हणावं."

मोरीजवळ अप्पांचं भलंमोठं निळं पिंप होतं. त्याच्याजवळून जाताना मला झाकणातून डासांची गुणगुण ऐकू यायला लागली. सोमवारी दुपारी अप्पा झोपल्यावर मी ते तांब्यातांब्याने रिकामं केलं, चोरासारखं.

मंगळवारी पाणी आलंच नाही. पाइपलाइनची दुरुस्ती. आणि त्याच दिवशी सुहास ऑफिसमधून कुडकुडत घरी आला. ताप एकशे दोन.

कपाळावर पट्ट्या ठेवायला घरात वापरायचं पाणी नाही! अप्पा पिंपाशी गेले, आत वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. स्वतःच्या प्यायच्या कळशीतून वाडगाभर पाणी काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. बुधवारी सकाळपर्यंत मी सुहासच्या अंगावर पुरळ शोधत होते. (एक सापडलं. ते त्याला कॉलेजपासून आहे.)

इतक्यात पालिकेची आरोग्यसेविका आली. तरुण, हसरी मुलगी. "आजोबा, पाणी कसं साठवता तुम्ही? मला दाखवाल?"

अप्पा चक्क उठले. हंडे, कळशा, सगळं दाखवलं. प्रत्येकावर फडकं बांधलेलं. "दर शनिवारी पहाटे, ही उठायच्या आत सगळं घासतो, पिंपसुद्धा. चाळीस वर्षं झाली."

"मग मला सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तू विचारलंस कुठे? तू नोटीस वाचलीस."

ती मुलगी बाल्कनीत गेली आणि तिथूनच तिने हाक मारली, "ताई, जरा इकडे या."

माझ्या कुंड्यांखालच्या ताटल्यांमध्ये पाणी साचलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. नऊच्या नऊ ताटल्यांत. खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळू नये म्हणून कुंड्यांखाली ताटल्या ठेवाव्यात, असा सोसायटीचा नियम आहे. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो मी एकटीनेच पाळला होता.

तेवढ्यात फोन वाजला. सुहासला डेंग्यू नव्हता, साधा व्हायरल ताप होता.

"नोटीस कुणाच्या नावाने करू?" मुलीने विचारलं.

"हिच्या," अप्पा म्हणाले. "आमच्या घरात नोटीस मानणारी ही एकटीच आहे."

मी सही केली. खाली 'अक्षर सुवाच्य असावे' असं छापलं होतं, म्हणून खोडून पुन्हा केली.