गुळवेलीचे पाय

उस्मानभाई अत्तार गेल्याचे त्यांच्या धाकट्या भावाने शाळेच्या दारात येऊन सांगितले. आत वर्गात पाढे चालले होते. मी ते थांबवले नाहीत, तसाच ऐकत उभा राहिलो... आणि मनात पहिले आले ते एवढेच, की वेलीचे पाय अजून टेकले नव्हते.

चाकणच्या बाजारात त्यांचे दुकान. हिरडा, वावडिंग, कुंकू, लग्नाच्या अत्तराच्या कुप्या. संध्याकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि ते आपल्या बुटक्या लाकडी स्टुलावर बसून पुड्या बांधत ऐकत. त्या स्टुलावर दुसरे कुणी बसलेले मला आठवत नाही. पिंपरीकडे औषधांचा कारखाना निघाल्याचे वाचले तेव्हा त्यांनी विचारले, "गोळीला वरनं साखर लावतात म्हणं. मंग फसतो कोण मास्तर, ताप का मानूस?"

दुकानामागच्या अंगणात कडुनिंब होता आणि त्याच्यावर त्यांच्या वडिलांनी चढवलेली गुळवेल. मोशी-चिखलीपासून लोक तापाच्या काढ्यासाठी ती मागायला येत. उस्मानभाई शिडी लावून स्वतः कापत, तीही वरची. बुडाला हात लावू देत नसत. हिवाळ्यात कांडे ठेचून पाण्यात भिजत घालत आणि तळाशी बसलेले पांढरे सत्त्व सावलीत वाळवत. त्या दिवसांत भांड्याला धक्का लागला तर घरातले कुणी सुटत नसे.

गेल्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करताना मागची भिंत पाडली आणि झाडाखालची जागा साफ करणाऱ्यांनी वेलीचे मनगटाएवढे खोड बुडातून तोडून टाकले. उस्मानभाई ओरडले नाहीत. नुसते वर बघत राहिले. वेल मात्र वाळली नाही. पाऊस लागला तशी तिने वरून बारीक हिरवे दोरे खाली सोडले. "पाय सोडतीया," ते म्हणाले. मग वर्तमानपत्राच्या आधी रोज मागे जाऊन ते दोरे बघणे सुरू झाले.

त्याच पावसात त्यांनाच ताप भरला. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. त्यांच्या बायकोला, जुलेखाभाभींना वाटे, वेलीचा बोटभर तुकडा काढ्यात पडावा.

"न्हाई," खाटेवरून उस्मानभाई म्हणाले. "ती सोता आजारी हाय. आजाऱ्याकडनं कुनी मागतं व्हय?"

"मंग डबा भरून माती वर ठेवते. लौकर टेकतील तुमच्या लाडकीचे पाय."

"माती उचलून तिच्या म्होरं न्यायची? तिचं तिला येऊ दे."

भाभी माझ्याकडे वळल्या. "बघा मास्तर! त्या वेलीची काळजी हाय, आमची न्हाई."

मला दोघांचेही खरे वाटत होते. मी निघालो तेव्हा उस्मानभाईंनी डोळे न उघडता विचारले, "किती ऱ्हायलं?" मी म्हणालो, हातभर. "यील," ते म्हणाले... आमचे शेवटचे बोलणे ते.

चाळिसावा झाल्यावर मी गेलो. दुकान उघडे होते. भाऊ गोणीवर बसून पुड्या बांधत होता. स्टूल दिसले नाही. मागे अंगणात गेलो तर ते कडुनिंबाखाली होते. त्याच्यावर मातीने भरलेला तेलाचा जुना डबा, आणि वरून आलेले दोरे त्या मातीत शिरलेले. एकाला कोवळे पानही फुटले होते.

इद्दतीचे, नवऱ्यामागे परक्यासमोर न येण्याचे दिवस चालू असल्यामुळे भाभी पडद्याआडूनच बोलल्या. "ते असते तर वरडले असते. म्हनून त्यांच्याच स्टुलावर ठेवला. म्हनलं, आता वरडा..."

तेवढ्यात एक बाई दारात आली. घरात तापाचे माणूस होते, गुळवेल हवी होती.

"दुसरीकडनं न्या बाई," पडद्यामागून आवाज आला. "ती अजून आजारी हाय." आणि मग मला, "मास्तर, लोटा तिथंच हाय. जरा पानी घाला."

मी डब्यात पाणी घातले. ते मातीत मुरेपर्यंत वाकून तसाच थांबलो. टेकायला म्हणून हात स्टुलाकडे गेला होता, तो मागे घेतला.